भरतीला नेट का मरतं?

मांडव्याजवळ डोंगरउतारावर माझ्या एका स्नेह्याची वाडी आहे. त्या रस्त्याला फायबर यायच्या कितीतरी आधी त्याने गच्चीवर एक थाळी बसवून घेतली होती, पाण्यापलीकडच्या मुंबईतल्या एका उंच इमारतीकडे रोखलेली. एकदा चहा पिताना तो म्हणाला, "भरती आली की नेट मरतं रे." मी दूरसंचारात आयुष्य घालवलेला माणूस. हसलो. पावसाने नेट जातं, विजेने जातं, माकडाने केबल ओढली तरी जातं. चंद्राने कसं जाईल? रात्री कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा हसणं जागच्या जागी थांबलं.

थाळीपासून समोरच्या थाळीपर्यंत लहर दोन वाटांनी पोचते. एक थेट हवेतून, दुसरी मध्यावर पाण्यावर आपटून. इतक्या तिरक्या कोनात समुद्र जवळजवळ आरशासारखा वागतो, वर लहर उलटी करून पाठवतो. दोन वाटांच्या लांबीतला फरक लहरीच्या हिशोबात नेमका बसला तर दोघी एकमेकींना पुसून टाकतात. आता आकडे घ्या. अंतर १५ किलोमीटर, दोन्ही थाळ्या पाण्यापासून ४० मीटरवर, लहर ५.८ गिगाहर्ट्‌झची, म्हणजे लांबी ५ सेंटिमीटरहून किंचित जास्त. दोन वाटांतला फरक येतो सुमारे २१ सेंटिमीटर. या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीत चार मीटरच्या आसपास फरक पडतो. पाणी सव्वादोन मीटर खाली गेलं की वाटांतला फरक अडीच सेंटिमीटरने वाढतो, म्हणजे अर्ध्या लहरीने, आणि पुसलेला सिग्नल दुप्पट होऊन उभा राहतो. आणखी तितकंच पाणी उतरलं की पुन्हा गायब. पृथ्वीची गोलाई धरली नाही म्हणून हिशोब ढोबळ आहे, पण माझा मित्र बरोबर होता.

यावरचा जुना उपाय मायक्रोवेव्हवाल्यांना कित्येक दशकांपासून ठाऊक आहे. त्याच खांबावर दुसरी थाळी लावायची, पहिलीपासून अशा अंतरावर की एकीला खड्डा लागेल तेव्हा दुसरी शिखरावर असेल. वरच्या आकड्यांत हे अंतर पाच मीटरच्या जवळपास येतं. एकापेक्षा जास्त अँटेना वापरण्याची गोष्ट इथूनच सुरू होते. गेल्या तीस-पस्तीस वर्षांत तिचा जो पसारा झाला त्याचा हा आढावा. तो किनाऱ्यावर बसून घ्यायचं कारण इतकंच की शहरातल्या इमारतींत झाकून जाणाऱ्या काही गोष्टी उघड्या पाण्यावर स्पष्ट दिसतात.

अलिबागला लहरींच्या गोंधळाचा अनुभव नवा नाही. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतली चुंबकीय मोजमापं बिघडणार हे नानाभाई मूस यांनी ओळखलं आणि १९०४ साली चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलली. ती आजही तिथे आहे. गोंधळापासून लांब जाणं हा मोजणाऱ्याचा मार्ग. बोलणाऱ्याला ती सोय नसते. त्याला माणसं जिथे आहेत तिथेच बोलावं लागतं, मग भिंती, डोंगर, पाणी, बोटी यांवर आपटून आलेले सगळे प्रतिध्वनी पदरात घ्यावे लागतात. रेडिओच्या पहिल्या शंभर वर्षांत अभियंत्यांनी या प्रतिध्वनींना शत्रू मानलं. एकोणीसशे नव्वदच्या दशकात कुणीतरी विचारलं, की दोन वेगळ्या वाटा आहेत तर त्यांवरून दोन वेगळ्या गोष्टी का पाठवू नयेत?

ते विचारणाऱ्यांत दोन नावं आपल्याकडची आहेत. थॉमस कैलथ १९३५ साली पुण्यात जन्मले, १९५६ साली पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून दूरसंचाराची पदवी घेऊन एमआयटीला गेले आणि पुढे स्टॅनफर्डला स्थिरावले. आरोग्यस्वामी पॉलराज खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून भारतीय नौदलात गेलेले अधिकारी. पाणबुड्या हुडकणारं अप्सोह हे सोनार त्यांच्या नेतृत्वाखाली तयार झालं. सोनार म्हणजे पाण्याखालच्या गोंगाटात अनेक कानांनी ऐकून आवाज वेगळे काढण्याचं यंत्र. अनेक अँटेनांच्या कल्पनेला याहून चांगली तालीम सापडणं कठीण. निवृत्तीनंतर पॉलराज स्टॅनफर्डला गेले, १९९२ साली दोघांनी मिळून पेटंटचा अर्ज केला आणि १९९४ मध्ये ते मंजूर झालं: अनेक अँटेनांवरून एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर वेगवेगळे प्रवाह सोडायचे आणि दुसऱ्या टोकाला अनेक अँटेनांनी ते सोडवून घ्यायचे. पॉलराज यांना २०१४ चा मार्कोनी पुरस्कार मिळाला.

त्याच सुमारास बेल लॅब्समध्ये एमरे तेलातार यांनी १९९५ साली गणित मांडलं की दोन्ही टोकांना अँटेना वाढवत नेल्या तर वाहून नेण्याची क्षमता जवळपास त्या प्रमाणात वाढते. जेरार्ड फोशिनी यांनी १९९६ साली ती मिळवायची रचना दिली. १९९८ मध्ये त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत ८ अँटेना पाठवायला आणि १२ ऐकायला लावून दर हर्ट्‌झमागे सेकंदाला २० ते ४० बिट्स पाठवून दाखवले गेले. तेव्हाच्या मोबाइल सेवा एका बिटाच्या आसपास घुटमळत होत्या.

इथे एक फाटा फुटतो. जास्तीच्या अँटेना तुम्ही दोनांपैकी एका कामाला लावू शकता. एकतर प्रत्येकीवरून वेगळी माहिती सोडा, वेग वाढेल. किंवा सगळ्यांवरून तीच माहिती वेगवेगळ्या रूपात सोडा, म्हणजे एक वाट बुडाली तरी दुसरी पोचवेल. पहिला व्यापाऱ्याचा हिशोब, दुसरा विमेकऱ्याचा. लिझोंग झेंग आणि डेव्हिड त्से यांनी २००३ साली दाखवलं की या दोहोंमध्ये एक नेमकी देवाणघेवाण आहे. एक वाढवलं की दुसरं किती सोडावं लागतं याची रेघच त्यांनी आखून दिली. या विषयावरचं मला सगळ्यात आवडणारं काम तेच, कारण त्यानंतर "माझा कोड (माहिती अँटेनांवर वाटायची रीत) सगळ्यात चांगला" असं म्हणणाऱ्याला "कशासाठी?" एवढं विचारलं की पुरतं.

विम्याच्या बाजूची मुख्य अडचण अशी की फोन लहान आणि टॉवर मोठा. ऐकणाऱ्याकडे पाच मीटरवर दुसरी थाळी लावायची सोय नाही, तेव्हा विविधता पाठवणाऱ्याने द्यायला हवी. पण पाठवणाऱ्याला वाट कशी आहे ते ठाऊक नसतं. दोन अँटेनांवरून एकच गोष्ट सोडावी तर हवेत त्या एकमेकींना पुसायचा धोका, म्हणजे मांडव्याची भरती पुन्हा आली. १९९८ च्या ऑक्टोबरमध्ये सियावाश आलामुटी यांनी यावर जो उपाय छापला तो इतका सोपा आहे की इथेच पाटीवर करून दाखवता येतो.

समजा दोन आकडे पाठवायचे आहेत, ३ आणि १. पहिल्या अँटेनाची वाट सिग्नलला ०.६ ने गुणते, दुसरीची उणे ०.६ ने, म्हणजे दोन्ही वाटा ऐन विरुद्ध. दोन्ही अँटेनांवरून ३ सोडले तर फोनवर शून्य येईल. आलामुटी सांगतात, पहिल्या क्षणी पहिल्या अँटेनाने ३ सोडावेत आणि दुसरीने १. दुसऱ्या क्षणी पहिलीने उणे १ आणि दुसरीने ३. फोनला पहिल्या क्षणी १.८ उणे ०.६, म्हणजे १.२ मिळतात. दुसऱ्या क्षणी उणे ०.६ उणे १.८, म्हणजे उणे २.४. टॉवर मधूनमधून ठरलेल्या खुणा पाठवत असतो, त्यावरून फोनला ०.६ आणि उणे ०.६ हे गुणक कळलेले असतात. तो पहिल्या मापाला ०.६ ने, दुसऱ्याला उणे ०.६ ने गुणतो आणि बेरीज करतो: ०.७२ अधिक १.४४ बरोबर २.१६. हे ३ च्या ०.७२ पट. मग पहिल्या मापाला उणे ०.६ ने गुणून त्यातून दुसऱ्याची ०.६ पट वजा करतो: उणे ०.७२ अधिक १.४४ बरोबर ०.७२. हे १ च्या ०.७२ पट. दोन्ही आकडे निर्वेध सुटले, एकमेकांची सावलीही उरली नाही.

हे ०.७२ कुठून आलं? ०.६ चा वर्ग अधिक उणे ०.६ चा वर्ग. वर्ग कधी ऋण होत नाही, त्यामुळे एक वाट दुसरीला पुसू शकत नाही. दोन्ही एकदम बुडाल्या तरच काम बिघडतं. प्रत्यक्षात आकडे संमिश्र असतात आणि दुसऱ्या क्षणी त्यांची संयुग्मी रूपं जातात, पण गाभा हाच. दोन क्षणांत दोन आकडे गेले, म्हणजे वेगही गमावला नाही. किंमत एवढीच की टॉवरची शक्ती दोन अँटेनांत वाटली जाते.

या रचनेमागची युक्ती जुनी आहे: दोन वर्गांच्या बेरजेला दोन वर्गांच्या बेरजेने गुणलं की उत्तर पुन्हा दोन वर्गांची बेरीज येतं. ती ब्रह्मगुप्ताच्या 'भावना' नावाच्या रीतीत आहे, आणि भास्कराचार्यांनी तीच भावना चक्रवाल पद्धतीत राबवली. म्हणून मोबाइल आपल्याकडे बाराव्या शतकात होता असं कुणी भाषण ठोकू नये. पण नातं खरं आहे, आणि अडचणही तिथूनच येते. वास्तव आकड्यांसाठी अशी चौकोनी, वेग न गमावणारी रचना फक्त २, ४ आणि ८ अँटेनांनाच जमते, हे हुर्विट्‌झ आणि राडॉन यांच्या जुन्या प्रमेयांतून निघतं. १९९९ साली तारोख, जाफरखानी आणि काल्डरबँक यांनी ते या कामाला लावलं. संमिश्र आकड्यांना तर पूर्ण वेगाने फक्त दोनच अँटेना. तीन अँटेना लावल्या की वेग तरी सोडा किंवा सोपेपणा.

मग पुढची सात-आठ वर्षं गणितज्ञांची दिवाळी होती. तारोख, शेषाद्री आणि काल्डरबँक यांनी १९९८ मध्येच चांगला कोड कसा ओळखायचा याच्या कसोट्या दिल्या होत्या: कोणतेही दोन संदेश घ्या, त्यांच्या फरकाचा मॅट्रिक्स पूर्ण दर्जाचा असला पाहिजे आणि त्याचा निश्चयक शक्य तितका मोठा. २००३ साली सेतुरामन, सुंदर राजन आणि शशिधर यांनी भागाकार-बीजगणितांतून असे कोड रचून दाखवले, आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतला सुंदर राजन यांचा गट या क्षेत्रात जगभर वाचला जाऊ लागला. २००५ साली बेल्फिओर, रेकाया आणि विटेर्बो यांचा सुवर्ण कोड आला, पाचच्या वर्गमुळातून निघणाऱ्या सुवर्ण गुणोत्तरावर बेतलेला. त्यात वेगही पूर्ण, विमाही पूर्ण, आणि संदेशांचा संच कितीही वाढवला तरी निश्चयक ठरावीक मर्यादेखाली घसरत नाही. झफर अली खान आणि सुंदर राजन यांनी २००६ मध्ये उलट टोक गाठलं: एकेक चिन्ह सुटं सोडवता येईल असे, फोनच्या चिपला झेपणारे कोड.

यांतलं तुमच्या खिशात काय पोचलं? फारच थोडं. आलामुटी पोचला: तिसऱ्या पिढीत, वायफायच्या ८०२.११एन मानकात, युरोपच्या दुसऱ्या पिढीच्या डिजिटल टीव्हीत, आणि फोर-जीत वेळेऐवजी शेजारच्या फ्रिक्वेन्सींवर पसरवून. सुवर्ण कोड वायमॅक्सच्या मानकात ऐच्छिक म्हणून शिरला आणि वायमॅक्सबरोबर मागे पडला. मला ते अन्यायाचं वाटत नाही. या सगळ्या कोडांचं गृहीत होतं की एक वाट बुडाली की सगळं बुडालं. तोवर फोनमध्ये माहिती शेकडो बारीक फ्रिक्वेन्सींवर विखरून पाठवणं रूढ झालं होतं, जोडीला आतल्या थरात दणकट चूकदुरुस्ती होती: १९९३ चे टर्बो कोड, गॅलाघर यांचे साठच्या दशकातले आणि तीस वर्षं धूळ खात पडलेले एलडीपीसी, २००९ मधले आरिकान यांचे पोलर. फाइव्ह-जीत माहिती एलडीपीसीवर आणि नियंत्रण पोलरवर जातं. शिवाय तुकडा चुकला तर फोन तो पुन्हा मागवतो. विमा दुसरीकडून इतका उतरवलेला असताना अँटेनांनी व्यापार करावा, असं उद्योगाने ठरवलं.

त्याहून मोठं कारण असं की टॉवरला वाट ठाऊक नसते हे गृहीतच उद्योगाने मोडीत काढलं. फोनने वाट मोजावी आणि टॉवरला कळवावी. पूर्ण मोजमाप पाठवणं महाग, म्हणून दोघांकडे एक छापील यादी असते, तिला कोडबुक म्हणतात. फोर-जीच्या पहिल्या आवृत्तीत चार अँटेनांसाठी तीत १६ पर्याय होते. फोन फक्त क्रमांक सांगतो, शिंप्याकडे माप न देता दुकानात "बेचाळीसचा द्या" म्हणावं तसं. टॉवर त्यानुसार अँटेनांच्या कला (फेज) जुळवून शक्ती फोनच्या दिशेला वळवतो. थॉमस मार्झेटा यांनी २०१० साली हाच विचार टोकाला नेला: टॉवरवर अँटेनांचा ढीग लावा, मग साध्या जुळवणीनेही अनेक फोन एकाच वेळी वेगवेगळे सांभाळता येतील. आज फाइव्ह-जीच्या टॉवरवर दिसणाऱ्या चपट्या चौकोनी पेट्यांत बहुधा ३२ किंवा ६४ स्वतंत्र रेडिओ साखळ्या असतात.

आता पुन्हा किनाऱ्यावर या. वेगळ्या वाटांवरून वेगळी माहिती पाठवायला वाटा खरोखर वेगळ्या लागतात. अलिबागच्या बाजारपेठेत त्या मिळतात. भिंती, छपरं, एसटी, सगळं काही लहरी उधळत असतं. उघड्या समुद्रावर एक थेट वाट, एक पाण्यावरची, आणि दोन्ही जवळपास एकाच दिशेने. दहा किलोमीटरवरच्या मचव्यावरून पाहिलं तर टॉवरवरच्या सगळ्या अँटेना एकाच ठिपक्यासारख्या दिसतात. मांडवा-मुंबईच्या आमच्या दुव्यावर दोन प्रवाह फक्त अंतराच्या जोरावर वेगळे करायचे तर दोन्ही टोकांना अँटेनांत सुमारे २० मीटर अंतर हवं. म्हणून समुद्राकडच्या दुव्यांत दुसरा प्रवाह मिळतो तो ध्रुवीकरणातून: एक अँटेना ४५ अंश उजवीकडे कललेली, दुसरी डावीकडे. दोन प्रवाह. तिसरा नाही, पेटीवर कितीही आकडा छापलेला असो.

अनेक फोन वेगळे सांभाळण्याचीही इथे तीच गत. गेटवेहून मांडव्याला निघालेल्या लाँचमध्ये शे-दीडशे माणसं आपापला फोन काढून बसतात. टॉवरच्या दृष्टीने ती सगळी एका दिशेला, एका बोटीत. ६४ अँटेनांचा झोत बोटीवर पडतो, सिग्नल जोरात येतो, पण माणसं वेगळी होत नाहीत. जे आलं ते सगळ्यांनी वाटून घ्यायचं. त्यात बोट जेट्टीजवळ येताना, चहूबाजूंनी लोखंड आणि काँक्रीट असतं तेव्हा, वाट झपाट्याने बदलते. ताशी ३६ किलोमीटरची बोट सेकंदाला १० मीटर जाते. साडेतीन गिगाहर्ट्‌झची अर्धी लहर म्हणजे चार-सव्वाचार सेंटिमीटर, चार मिलिसेकंदांत पार. फोनने कळवलेला क्रमांक टॉवरने वापरेपर्यंत पुष्कळदा शिळा झालेला असतो.

अशा जागी न जाणता पाठवायची कला पुन्हा कामाला येते. टॉवरला ओळख झालेल्या फोनची वाट कळते, पण नुकत्याच चालू झालेल्या किंवा क्षितिजावरून परत येणाऱ्या होडीतल्या फोनची नाही. त्याला आधी टॉवरची हाक ऐकू यावी लागते. फोर-जीत ही हाक आणि नियंत्रणाचे संदेश दोन अँटेनांवरून आलामुटीच्याच पद्धतीने जातात. फाइव्ह-जीने ते मोडलं. तिथे टॉवर अरुंद झोत एकामागून एक फिरवतो, साडेतीन गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात जास्तीत जास्त आठ, दीपगृहासारखे. जोर जास्त, पल्ला जास्त. पण झोत कुठे रोखायचे हे माणूस ठरवतो आणि तो ते वस्तीकडे रोखतो. त्यात वावगं काही नाही, फक्त खांदेरी बेटाच्या पलीकडून येणाऱ्याला वस्तीत कोण धरतो? तीस मीटरच्या टॉवरचं रेडिओ क्षितिज होडीच्या डेकवरून जवळजवळ ३० किलोमीटर भरतं, तिथपर्यंत ऐकू यायला काही आडवं नाही. माझं मत विचाराल तर किनाऱ्यावरच्या टॉवरचा फोर-जीचा जुना थर घाईने काढू नये.

भारताने फाइव्ह-जीसाठी स्वतःची सूचना मांडली तेव्हा मुद्दा गावांमधल्या अंतराचाच होता: टॉवर सहा-सहा किलोमीटरवर, माणसं संथ फिरणारी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने (आयटीयू) ती परिस्थिती चाचणीत घेतली. भारताच्या सूचनेत कोडांपेक्षा फोनच्या अशक्त आवाजाला जोर देण्यावर भर होता. योग्यच, कारण समुद्रावरून ऐकू येत नाही तो बहुधा फोन, टॉवर नव्हे.

आणि कशाचाच उपयोग नसतो असेही दिवस असतात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला धडकलं. श्रीवर्धन, मुरूड, म्हसळ्याकडे पोफळी-नारळ आडवे झाले आणि विजेचे खांबही. ज्या टॉवरला वीज नाही त्यावर कितीही अँटेना असोत.

मित्राच्या वाडीचं काय झालं ते सांगायचं राहिलं. मी त्याला दुसरी थाळी पाच मीटर वर लावायला सांगितली. तो म्हणाला, "निसर्गात कौलं गेली माझी. आता गच्चीवर पाच मीटरचा पाइप उभा करू? शेजारी वेड्यात काढतील." मग लक्षात आलं की फरक हवा आहे, उंची नव्हे. उतारावर खालच्या बाजूला गडगा होता, समोर पाणी दिसत होतं, फक्त एका माडाच्या झावळ्या आड येत होत्या. त्या उतरवल्या. आधी त्याच्या रेडिओच्या दोन्ही तारा एकाच थाळीत होत्या, एक उभ्या ध्रुवीकरणाला, एक आडव्या. दोन प्रवाह, पूर्ण वेग. आता एक तार गच्चीवर राहिली, दुसरी गडग्यावर आली, आणि सेटिंगमध्ये जाऊन एकच प्रवाह, दोन्हींवरून, आलामुटीच्या पद्धतीने.

पौर्णिमेनंतर आठवड्याभराने त्याचा फोन आला. नेट भरतीला जात नाही म्हणाला. पण आधी पिक्चर दहा मिनिटांत उतरायचा, आता वीस लागतात, ते कसं? मी त्याला झेंग आणि त्से यांचं नाव सांगितलं. तो म्हणाला, त्यांना वाडीवर जेवायला बोलव, मग बघू.